हॅलोविनच्या हस्तकला ज्येष्ठांसाठी सोप्या असाव्यात, पोरकट नव्हेत

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या परदेशस्थ वाचकांसाठीच्या पानावर, ज्येष्ठांना बरोबर घेऊन करता येतील अशा हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरला येणाऱ्या भुताखेतांच्या आणि भोपळ्यांच्या सणाच्या, सोप्या हस्तकलांविषयीचा मजकूर वाचला. हा विषय आपण निवडलात याचा मनापासून आनंद झाला, कारण अमेरिकेत आई-वडिलांना जवळ आणून ठेवलेली मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत आणि इथल्या वृद्धनिवासांत परिचारिका, मदतनीस किंवा स्वयंसेवक म्हणून काम करणारी आपली माणसेही कमी नाहीत. मात्र त्या मजकुरात सुचवलेल्या वस्तू पाहून वाईट वाटले. कागदी थाळीला नारिंगी रंग देऊन केलेला भोपळा, अंगठ्याच्या ठशांची भुते, पंजाभोवती पेन्सिल फिरवून कापलेले वटवाघूळ, ही सगळी बालवाडीतली कामे आहेत. पंचाऐंशी वर्षांच्या माणसापुढे ती ठेवताना आपण त्याचे वय आणि त्याच्या हातांनी आयुष्यभर केलेले काम, दोन्ही विसरतो. नुसती तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून त्यांच्या जागी काय करता येते तेही सविस्तर लिहीत आहे.

मी अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात गेली नऊ वर्षे दर मंगळवारी दुपारी हस्तकलेच्या टेबलाशी स्वयंसेविका म्हणून बसते. पहिल्या ऑक्टोबरात मीही हीच चूक केली होती. कागदी थाळ्या, रंग आणि प्लॅस्टिकचे हलते डोळे घेऊन मी मोठ्या उत्साहाने गेले. टेबलाशी बसलेल्या एका बाईंनी आपल्यापुढची थाळी दोन बोटांनी हळूच माझ्याकडे सरकवली आणि अगदी सौम्यपणे सांगितले, की ही माझ्या पणतवंडाला द्या, त्याला आवडेल. त्या बाईंनी सदतीस वर्षे लग्नाचे झगे शिवले होते, हे मला नंतर कळले. पुढच्या मंगळवारी मी मखमलीचे तुकडे, मोठ्या नेढ्याची सुई आणि लोकर नेली. संधिवाताने बोटे वाकलेली असूनही त्यांनी धावदोरा घालायला घेतला, तो माझ्यापेक्षा सरळ पडला, आणि तासाभराने टेबलावरच्या इतर चौघीजणी त्यांना विचारून विचारून टाके घालत होत्या. ज्या कामात हाताला कष्ट कमी पडतात, पण नजरेला आणि आवडीनिवडीला पुरेसा वाव राहतो ते काम सोपे, आणि ज्यात करणाऱ्याने स्वतः काहीच ठरवायचे नसते ते पोरकट, असा फरक मी तेव्हापासून करत आले आहे.

त्या मखमली भोपळ्याची कृती मुद्दाम देते, कारण माझ्या अनुभवात इतका सर्वांना जमलेला आणि इतका देखणा दिसणारा दुसरा प्रकार नाही. जेवणाची ताटली उपडी ठेवून सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ कापडावर आखावे आणि कापावे. कडेने एक सेंटीमीटर आत दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून तो ओढला की कापडाची पिशवी होते. तिच्यात कापूस भरून तोंड आवळावे आणि गाठ मारावी. मग जाड लोकर वरच्या मध्यातून खाली आणि खालून पुन्हा वर अशी आठ वेळा गुंडाळून घट्ट ओढली, की भोपळ्याच्या फाका आपोआप उठून दिसतात. देठासाठी बागेतली वाळकी काडी किंवा दालचिनीचा तुकडा खोचावा. यातले आखणे, कापणे, शिवणे, भरणे आणि लोकर ओढणे ही पाच कामे पाच वेगवेगळ्या माणसांना देता येतात. पक्षाघातानंतर एकच हात चालणारे गृहस्थ कापूस भरतात, नजर अधू झालेल्या बाई स्पर्शाने लोकरीचे पीळ जुळवतात आणि ज्यांना काहीच करायचे नसते ते कोणत्या कापडाला कोणती लोकर शोभेल यावर मत देतात. मत देणे हेही काम आहे, हे मी तिथे शिकले.

ज्यांना सुई नको असेल त्यांच्यासाठी जुन्या स्वेटरची बाही घ्यावी. बाही म्हणजे तयार नळीच असते. एक टोक बांधायचे, कापूस भरायचा, दुसरे टोक बांधायचे आणि वरून लोकर गुंडाळायची. एका बाईंनी आपल्या निवर्तलेल्या यजमानांच्या तपकिरी स्वेटरची बाही आणली होती. त्यांचा भोपळा नारिंगी नव्हता, त्याला नाक-डोळेही नव्हते, आणि हॅलोविन संपल्यावर तो खिडकीतून हलला नाही. तो नारिंगीच करायला हवा असे मी म्हटले असते तर केवढा अपराध झाला असता, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

हॅलोविन हा आपल्याला परका सण असल्यामुळे आपण तो दुकानातल्या मालावरून ओळखतो. पण इथल्या ज्येष्ठांचा तो बालपणीचा सण आहे आणि त्यांच्या आठवणीतला हॅलोविन आजच्यासारखा नाही. आज पंचाऐंशी-नव्वदीत असलेली माणसे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जन्मली. अमेरिकेत साखरेवर १९४२ ते १९४७ या काळात नियंत्रण होते, त्यामुळे वेश करून दारोदार फिरणाऱ्या मुलांना आज मिळतात तशी टोपलीभर चॉकलेटे त्यांच्यातल्या थोरल्यांच्या लहानपणी नव्हतीच. सजावट बहुतेक घरी व्हायची आणि तिचा मुख्य आधार होता क्रेप कागद. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनीने १९०९ पासून या कागदाच्या हॅलोविन सजावटीच्या पुस्तिका काढल्या होत्या, आणि काळ्या-नारिंगी क्रेपच्या झालरी, पडदे, टोप्या करण्याची रीत त्यातून घरोघर पोहोचली. क्रेपची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांत धरून तिची कड जराशी ताणली की ती लहरदार होते. ही युक्ती मला एका चौऱ्याण्णव वर्षांच्या आजींनी शिकवली, आणि शिकवताना त्यांच्या आईचे स्वयंपाकघर, टेबलावरचा कंदील, भावाचा कोळशाने काळा केलेला चेहरा असे सगळे एकामागून एक बाहेर आले. आमच्या त्या दिवशीच्या झालरी अर्ध्याच झाल्या, आणि कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही.

तसेच दुधाच्या खोक्याचे. १९५० साली फिलाडेल्फियात एका कुटुंबाने मुलांच्या हाती दुधाची रिकामी, सजवलेली कागदी खोकी देऊन हॅलोविनच्या दिवशी गोळ्यांऐवजी परदेशांतल्या मुलांसाठी पैसे गोळा केले. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले आणि ते युनिसेफला पाठवले गेले. पुढे ती देशभरची प्रथा झाली. असे खोके हातात धरून दारोदार हिंडलेली मुले आज ऐंशी ओलांडलेली आहेत. दुधाचे खोके धुऊन वाळवायचे, त्याला नारिंगी कागद लावायचा, वर नाण्यापुरती फट कापायची, एवढ्या साध्या कामाला आमच्याकडे दरवर्षी सर्वांत जास्त गर्दी होते, कारण ते प्रत्येकाने पूर्वी केलेले किंवा पाहिलेले असते. वृद्धनिवासातले रहिवासी ते खोके जेवणघराच्या दाराशी ठेवतात आणि जमलेली नाणी स्वतः मोजतात.

आता खऱ्या भोपळ्याविषयी. हॅलोविन म्हटले की भोपळा कोरणे आलेच, असे आपण समजतो. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये शलगम कोरून कंदील करत आणि अमेरिकेत आल्यावर त्याची जागा भोपळ्याने घेतली, कारण तो मोठा आणि कोरायला मऊ. पण ज्येष्ठांच्या हाताला भोपळ्याची साल मऊ नसते. सुरी घसरते, मनगटावर जोर येतो, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या माणसाच्या छोट्या जखमेतले रक्तही लवकर थांबत नाही. शिवाय कोरलेला भोपळा आठवड्याभरात कुजतो, न कोरलेला मात्र अनेक आठवडे टिकतो. म्हणून मुठीत मावणारे लहान भोपळे घ्यावेत, ओल्या टॉवेलची चुंबळ करून त्यावर बसवावेत म्हणजे ते गडगडत नाहीत, आणि सालीला अ‍ॅक्रिलिक रंग लावावा. त्याहून छान दिसते ते जुन्या लेसचे. सालीवर पांढरा गोंद लावून लेसची पट्टी फाकांवरून बसवली की भोपळ्याला एकदम घरंदाज रूप येते. जखमेला बांधायच्या जाळीच्या पट्ट्या आडव्यातिडव्या गुंडाळून मधून दोन डोळे दिसतील असे ठेवले की त्याचीच ममी होते, आणि तिथे रंगही लागत नाही. पट्टी कशी बांधायची हे एका निवृत्त परिचारिकेने आम्हा सर्वांना दाखवले, आणि त्या दिवशी टेबलावरचा शब्द त्यांचाच होता.

पतंगी कागदाच्या बरणीचे दिवे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. स्वच्छ काचेच्या बरणीवर पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद कुंचल्याने लावायचा, त्यावर नारिंगी-पिवळ्या पतंगी कागदाचे हाताने फाडलेले तुकडे बसवायचे आणि वरून पुन्हा गोंदाचा हात द्यायचा. कात्री लागत नाही, आणि फाटलेली कड कापलेल्या कडेपेक्षा उजेडात सुंदर दिसते. आत मेणबत्ती मात्र कधीही लावू नये. कित्येक ज्येष्ठांना नळीने प्राणवायू दिला जात असतो आणि तिथे उघडी ज्योत म्हणजे जीवघेणा धोका. बॅटरीचे दिवे वापरावेत, पण त्यातला बटणाएवढा सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, हे विसरू नये. असा सेल गिळून दगावलेल्या रीझ या बालिकेच्या नावाने अमेरिकेत २०२२ साली झालेल्या कायद्यानंतर अशा सेलचा कप्पा सहज उघडता येणार नाही असा असावा लागतो. तरी घरातल्या खणात पडलेले जुने दिवे त्याआधीचे असू शकतात. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती दिवा देण्यापूर्वी तो कप्पा स्वतः ओढून पाहावा.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते पानांचे भूत, आणि त्याची सुरुवात टेबलापाशी होत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला मेपलची पाने गळू लागतात तेव्हा ज्यांना चालता येते ते चालत आणि बाकीचे चाकाच्या खुर्चीतून अंगणात जातात. खुर्चीतल्या माणसाच्या मांडीवर टोपली ठेवायची आणि पाने त्यांनी निवडायची. आपण फक्त वाकून उचलून द्यायची. पाने दोन-तीन दिवस जाड पुस्तकात दाबून ठेवली की सपाट होतात. मग एका बाजूला पांढऱ्या रंगाचा दाट हात, वाळल्यावर काळ्या रंगाचे दोन ठिपके आणि एक उघडे तोंड. पानाचा आकारच भुताचा असतो. टोके म्हणजे त्याचे हात. पानाला दोरा बांधून ते खिडकीत टांगले की वाऱ्याने फिरते, पांढरी बाजू जाऊन लाल-पिवळी येते. यात कोणाची चूक होऊच शकत नाही, हे त्याचे मोठेपण. हात कापणाऱ्यांचे ठिपके वाकडे पडतात आणि भुते अधिकच जिवंत वाटतात.

पुरुष मंडळी हस्तकलेला येत नाहीत अशी तक्रार मी सर्वत्र ऐकते. त्यांच्यापुढे आपण चकाकीची पूड आणि गुलाबी कात्र्या ठेवतो, मग ते कशाला येतील? सुताराकडे किंवा बांधकामाच्या ठिकाणी लाकडाचे चौकोनी उरलेले ठोकळे मिळतात. ते वेगवेगळ्या उंचीचे घ्यावेत, सोबत पॉलिश कागद, मोजपट्टी आणि नारिंगी रंग ठेवावा. कडा घासणे, रंगाचा पहिला हात, तो वाळल्यावर हलकी घासणी, दुसरा हात आणि वर भोक पाडून बसवलेली काडी, असा हा लाकडी भोपळा दोन मंगळवार चालतो. भोक मात्र आधीच पाडून न्यावे. आमच्याकडे यंत्रशाळेत आयुष्य घालवलेले एक गृहस्थ महिनोन् महिने खोलीबाहेर पडत नव्हते. ते केवळ मी कडा किती वाईट घासल्या आहेत हे सांगायला टेबलाशी आले आणि बसले.

हातांची आणि डोळ्यांची काळजी घेतली तर निम्मी कामे आपोआप सोपी होतात. कुंचल्याच्या दांड्याभोवती फोमची नळी किंवा गुंडाळलेले फडके बांधले की बोटे पूर्ण न मिटणाऱ्या माणसालाही तो धरता येतो. दाबल्यावर स्वतःहून उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळते. संधिवाताच्या हाताला तिच्यासारखे सुख नाही. कागद टेबलाला चिकटपट्टीने लावून ठेवावा म्हणजे एका हाताने काम करता येते. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे निळा, जांभळा आणि काळा यांतला फरक ओळखणे कठीण जाते. काळ्या कागदावर जांभळे वटवाघूळ चिकटवायला देणे म्हणजे माणसाला नाहक अपयशी ठरवणे. नारिंगीवर काळे किंवा काळ्यावर पांढरे द्यावे, आणि खिडकीकडे पाठ करून बसवावे म्हणजे उजेड कामावर पडतो, डोळ्यांवर नाही. ग्लू गन वापरायचीच असेल तर कमी तापमानाची, आणि ती आपल्याच हातात असावी. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते आणि चटका समजायलाही वेळ लागतो. रंग-गोंदावर इथल्या आर्ट अँड क्रिएटिव्ह मटेरियल्स इन्स्टिट्यूटची एपी ही मोहोर आहे का ते पाहावे. तिचा अर्थ तो माल विषारी नसल्याची तपासणी झाली आहे असा असतो.

स्मृतिभ्रंश असलेल्यांबरोबर काम करताना मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. नावे, वार, कालचे जेवण विसरले जाते, पण हातांना लागलेली सवय पुष्कळ काळ टिकते. गुंडाळणे, घड्या घालणे, पुसणे, निवडणे, ओवणे ही कामे सांगावी लागत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी लोकर गुंडाळून गोंडे करणे, रंगीत पाने आकाराप्रमाणे लावणे, पट्ट्यांच्या घड्या घालणे असे काम वेगळे काढावे. एका वेळी एकच पायरी, तीही तोंडाने कमी आणि हाताने करून दाखवून. पूर्ण झालेला एक नमुना समोर ठेवावा. वीस-पंचवीस मिनिटांनंतर कंटाळा दिसला की थांबावे. मणी, हलते डोळे, गोळ्यांसारखे दिसणारे रंगीत खडे टेबलावर आणूच नयेत, कारण ते तोंडात जातात. आणि मुखवटे, अचानक किंचाळणारी खेळणी, अंधार केलेली खोली हे तर सर्वथा टाळावे. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात समोर नसलेली माणसे आणि प्राणी दिसतात. अशा माणसाला आपण गंमत म्हणून छतावरून लोंबणारा कोळी दाखवतो, तेव्हा त्याची रात्र कशी जाते ते रात्रपाळीच्या मदतनिसांना विचारावे.

याच्याही पुढे जाऊन मला थडग्यांविषयी बोलायचे आहे. ‘येथे अमुक चिरविश्रांती घेत आहे’ असे लिहिलेले पुठ्ठ्याचे दगड, शवपेट्या, सांगाडे हे इथे हॅलोविनच्या सजावटीचे नेहमीचे सामान आहे, आणि तरुण कर्मचारी ते निर्मळ मनाने वृद्धनिवासातही आणतात. पण जिथे मागच्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची रिकामी झाली आहे, तिथे बाकीच्यांना पुठ्ठ्याचे थडगे रंगवायला लावणे मला क्रूरपणाचे वाटते. काहींना त्यात मजा वाटत असेल आणि त्यांनी स्वतःहून मागितले तर खुशाल करावे. मात्र विचारल्याशिवाय नाही. भोपळे, पाने, घुबडे, काळी मांजरे, मक्याची कणसे, चंद्र एवढे सगळे हाताशी असताना थडग्यांवाचून काही अडत नाही.

मृतांची आठवण काढायचीच असेल, तर त्याची सुंदर रीत मेक्सिकोहून आलेल्या रहिवाशांकडे आहे. १ आणि २ नोव्हेंबरला ते मृतांचा दिवस पाळतात, गेलेल्यांच्या तसबिरी मांडतात आणि झेंडूच्या फुलांनी वाट सजवतात. झेंडू मूळचा तिकडचाच. पतंगी कागदाचे सहा-आठ चौकोन एकावर एक ठेवून पंख्यासारखी घडी घालायची, मध्यावर तार आवळायची आणि एकेक थर अलगद उलगडायचा, की झेंडू तयार. दसऱ्याचे तोरण आठवून माझ्या हातांनी ते काम पटकन उचलले. मात्र हा हॅलोविनचा भाग नाही, तो वेगळा आणि पवित्र दिवस आहे, हे टेबलावरच्या सर्वांना सांगावे आणि शक्य असेल तर ज्यांचा तो आहे त्यांनाच सांगू द्यावे.

आता मदत करणाऱ्यांच्या एका सवयीबद्दल. ज्येष्ठांनी तिरपा चिकटवलेला डोळा आपण त्यांची पाठ वळताच सरळ करतो, सांडलेला रंग पुसतो, अर्धे राहिलेले स्वतः पूर्ण करतो, आणि मग त्या वस्तूसह त्यांचे छायाचित्र काढून त्यांच्या मुलांना पाठवतो. ती वस्तू त्यांची राहिलेली नसते आणि ते त्यांना कळते. त्याच जोडीला ‘कित्ती छान केलंत हो’ असे लाडावलेल्या सुरात बोलणे येते. ज्या गृहस्थाने तीस माणसांचा कारखाना चालवला त्याला टाळ्या नकोत. त्याने निवडलेला रंग चांगला का दिसतो ते सांगावे, किंवा सरळ विचारावे की पुढचा थर जाड हवा की पातळ. ज्याला करायचे नाही त्याला नाही म्हणू द्यावे. ही केवळ सभ्यतेची गोष्ट नाही. १९८७ च्या संघीय कायद्यापासून, मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनांचे पैसे घेणाऱ्या अमेरिकेतल्या नर्सिंग होमना, म्हणजे वैद्यकीय देखभाल असलेल्या निवासांना, प्रत्येक रहिवाशाच्या आवडी आणि क्षमता पाहून उपक्रम ठेवणे बंधनकारक आहे. असिस्टेड लिव्हिंगचे, म्हणजे रोजच्या कामांत मदत देणाऱ्या निवासांचे, नियम राज्याराज्यांनुसार वेगळे असतात. आई-वडिलांना अशा ठिकाणी ठेवलेल्या मुलांनी महिन्याचे उपक्रमाचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि त्यात माझ्या आईच्या आवडीचे काय आहे, असे निःसंकोच विचारावे.

वस्तू कोणासाठी करायची, हा प्रश्न मी शेवटी ठेवला असला तरी टेबलावर तो पहिल्यांदा विचारला जातो. अनेक वृद्धनिवासांत हॅलोविनच्या सुमारास दुपारी परिसरातली मुले वेश करून येतात आणि रहिवासी दाराशी बसून त्यांना खाऊ देतात. तेव्हा खाऊच्या कागदी पिशव्यांवर ठसे उमटवणे, लोकरीचे छोटे कोळी करणे, वाचनखुणा रंगवणे या कामांना लगेच अर्थ येतो. ज्या मुलांना शेंगदाणे, दूध किंवा इतर पदार्थांची अ‍ॅलर्जी असते त्यांच्यासाठी खाण्याऐवजी अशा वस्तू ठेवल्या आहेत हे कळावे, म्हणून दाराशी निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवण्याची प्रथा इथे आहे. टेनेसीत सुरू झालेली ती प्रथा २०१४ पासून देशभर पसरली. आमच्या टेबलावर तो भोपळा दरवर्षी एक आजी रंगवतात. त्यांच्या एका नातवाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून त्या रंगाची बाटली त्या दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत.

घरात आई-वडील राहत असलेल्या मराठी कुटुंबांना एवढेच सांगेन, की परका सण म्हणून त्यांना बाजूला बसवू नका. माझे सासरे सहा महिन्यांसाठी आले होते तेव्हा मी त्यांना बरोबर नेले. त्यांना हॅलोविन ठाऊक नव्हता, पण बांबूच्या काड्या, पतंगी कागद आणि खळ यांच्याशी त्यांची पन्नास वर्षांची ओळख होती. त्यांनी आकाशकंदिलाचा सांगाडा बांधला, नारिंगी कागद लावला आणि एका अमेरिकन आजोबांनी त्यावर काळ्या कागदाचे दात कापून चिकटवले. दोघांची भाषा एक नव्हती. कागद ताणून धरायला दुसऱ्या माणसाचे दोन हात लागतात, तेवढे पुरले.

आपणाला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी या विषयावर लिहिणार असाल तर ते ऑक्टोबरच्या शेवटी न छापता सप्टेंबरच्या मध्याला छापावे, कारण रंगाचे थर वाळायला आणि मंगळवारच्या मंगळवारी भेटणाऱ्या टेबलाला पाच-सहा आठवडे लागतातच. कृती मोठ्या अक्षरांत द्याव्यात, म्हणजे त्या वाचून दाखवाव्या लागणार नाहीत. आणि भोपळ्याचे नाक-डोळे एकाच बाजूला काढायला जरूर सुचवावे. १ नोव्हेंबरला सकाळी आम्ही सगळे भोपळे खिडकीत फक्त उलटे फिरवतो, मग ते नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तिथेच राहतात, आणि प्रत्येकाच्या तळाशी करणाऱ्याचे नाव त्याच्याच अक्षरात असते.

आपली विश्वासू,
एक वाचक, अमेरिका